कोणता पॅट्रिक मर्फी?

१८९२ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस न्यूयॉर्क बंदरातील एलिस नामक बेटावर अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने परदेशांतून येणाऱ्यांच्या तपासणीसाठी बांधलेले नवे ठाणे उघडले, आणि 'नेवाडा' या आगबोटीतून उतरलेली, आयर्लंडातील कॉर्क शहरची ॲनी मूर ही मुलगी तेथील वहीत नाव चढलेली पहिली व्यक्ती ठरली. बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ, आधीच न्यूयॉर्कात येऊन बिऱ्हाड थाटून बसलेले आईबाप, आणि अधिकाऱ्यांनी समारंभपूर्वक हातावर ठेवलेले दहा डॉलरचे सोन्याचे नाणे, एवढा तपशील वृत्तपत्रांनी छापला. त्यानंतर ही मुलगी त्या अफाट शहराच्या गर्दीत जी दिसेनाशी झाली ती शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाला सापडली नाही. सापडली ती भलतीच.

टेक्सासमध्ये संसार केलेली आणि १९२३ साली ट्रामच्या अपघातात मृत्यू पावलेली दुसरी एक ॲनी मूर होती. तीच एलिस बेटावरची ॲनी, ही समजूत तिच्या घराण्यात चालत आली, तेथून पुस्तकांत उतरली आणि तिच्या वंशजांना बेटावरील समारंभांची मानाची आमंत्रणेही जाऊ लागली. मेगन स्मोलेन्याक या वंशशोधक विदुषीने खानेसुमारीचे कागद काढून पाहिले तेव्हा टेक्सासच्या बाईचा जन्म अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात, झाल्याची नोंद निघाली. म्हणजे जो देश तिने समुद्र ओलांडून गाठला असे सांगत होते त्याच देशाच्या मातीत ती जन्मली होती. मग खऱ्या ॲनीचा माग लावणाऱ्यास स्मोलेन्याकबाईंनी एक हजार डॉलरचे इनाम जाहीर केले, न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखात्याचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांनी धाकट्या फिलिपच्या नागरिकत्वाचा कागद हुडकून काढला, आणि २००६ साली भावाच्या आधाराने बहिणीपर्यंतची वाट सापडली. ॲनी कोठेच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या दक्षिणेकडील गरीब वस्तीत तिने जन्म काढला, जोसेफ शायर नावाच्या जर्मन वंशाच्या माणसाशी लग्न केले, दहा-अकरा मुलांना जन्म देऊन त्यांतली निम्मी पोटची पोरे पुरली आणि १९२४ साली डोळे मिटले. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीतील तिच्या निनावी जागेवर २००८ साली दगड बसला.

आयरिश वंशशोधाचा मूळ रोग या हकिकतीत स्वच्छ दिसतो. कागद नाहीत ही अडचण आहेच. परंतु कागद असून त्यावरील माणूस आपलाच की त्याच नावाचा दुसरा, हे ठरविता न येणे ही त्याहून मोठी अडचण. कॅथलिक आयर्लंडात बाप्तिस्म्याची नावे मोजकीच, कुळनावे एकेका प्रदेशात घट्ट रुतलेली, आणि आजोबाचे नाव नातवास ठेवण्याचा प्रघात. तेव्हा एका खोऱ्यात पाच-सहा पॅट्रिक मर्फी नांदत असणे हे नित्याचेच होते. म्हणून पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने कोणताही कागद हाती येताच प्रथम एक प्रश्न विचारावा: हा कागद लिहिणाऱ्याला एका मर्फीपासून दुसरा मर्फी वेगळा ओळखण्याची गरज होती काय? ज्या कचेरीला ती गरज होती तिने भरपूर लिहून ठेवले, जिला नव्हती तिने दोन शब्दांत काम उरकले. आणि दीड शतकानंतर संशोधकाच्या पदरात काय पडते ते बव्हंशी या एका गोष्टीवर ठरते.

आयर्लंडपासूनच आरंभ करावा असे कोणासही वाटेल, आणि नवशिका बहुधा तेथेच फसतो. त्या देशात साठ हजारांहून अधिक टाउनलंड आहेत. टाउनलंड म्हणजे आपल्याकडील मौजाच्या जातीचा, पण आकाराने पुष्कळदा एखाद्या वाडीएवढाच असणारा जमिनीचा सर्वांत लहान नामांकित विभाग. आणि कुळ कोणते, खंड किती, सारा कोणाकडे, हे सर्व त्याच्याच नावाने लिहिले जाई. टाउनलंडाचे, निदान धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मुलखाचे, नाव ठाऊक नसेल तर नुसत्या 'कॉर्क' वा 'मेयो' या कौंटीच्या नावावर काही साधत नाही. अमेरिकेतल्या नातवंडांना बहुधा कौंटीचे नावही धड ठाऊक नसते. 'आयर्लंड' एवढेच घरात शिल्लक राहिलेले असते.

त्यात आयर्लंडची दप्तरे एका दुर्दैवी मालिकेने नष्ट झाली. १८६१ व १८७१ च्या खानेसुमारीचे मूळ तक्ते आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट करविले. १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्या डब्लिनच्या 'फोर कोर्ट्‌स' या न्यायमंदिराच्या आवारातील सरकारी दप्तरखान्यात सुखरूप होत्या. १९२२ च्या एप्रिलात इंग्लंडशी झालेल्या तहाच्या विरोधकांनी त्या वास्तूचा ताबा घेतला, २८ जूनला नव्या सरकारच्या तोफांनी तिच्यावर मारा सुरू केला आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दप्तरखाना पेटला. काही शतकांची मृत्युपत्रे, न्यायालयांची कामकाजे, खानेसुमारीचे तक्ते यांची राख शहरभर उडाली. १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्या तेवढ्या संपूर्ण वाचल्या.

या आगीत एक विपरीत न्याय घडला. प्रॉटेस्टंट 'चर्च ऑफ आयर्लंड' हे एके काळी राजमान्य धर्मपीठ. त्याच्या धर्मग्रामांच्या वह्या सरकारी दप्तर ठरून त्यांतल्या बऱ्याच सुरक्षिततेसाठी म्हणून डब्लिनला आणून ठेवल्या होत्या, त्या जळाल्या. ज्या बहुजनांच्या कॅथलिक धर्माला राज्याने दीर्घकाळ दडपले त्यांच्या वह्या सरकारच्या लेखी दप्तर नव्हत्याच. त्या आपापल्या चर्चच्या कपाटांत पडून राहिल्या म्हणून वाचल्या. पुढे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांचे सूक्ष्मपट घेतले, आणि २०१५ पासून सुमारे १८८० पर्यंतची ती सर्व पाने कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सर्वांना लागू असलेली सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासूनची. त्याआधी देश सोडलेल्या माणसास बाप्तिस्म्याच्या त्या ओळीवाचून दुसरा जन्मदाखला बहुधा नाही. ओळ पुष्कळदा लॅटिनमध्ये, घाईच्या अक्षरांत, ओल लागून फिकट झालेल्या शाईत असते. जेम्स तेथे याकोबुस होतो आणि विल्यम गुलिएल्मुस. मुलाचे नाव, आईबापांची नावे, आईचे माहेरचे कुळनाव आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी उभे राहणारे दोन धर्मपालक. या धर्मपालकांकडे नवखा दुर्लक्ष करतो. मुरलेला संशोधक मात्र प्रथम तेच टिपतो, कारण ते बहुधा चुलता, मामा वा मावशी असत, आणि पुढे बोस्टनमधल्या एखाद्या बाप्तिस्म्याला त्याच नावाची माणसे पुन्हा उभी दिसली की दोन किनाऱ्यांवरचे घर एकच असल्याची खूण पटते.

जळालेल्या खानेसुमारीची जागा काही अंशी महसुली कागद भरून काढतात. आपणांस न मानवणाऱ्या चर्चच्या पोषणासाठी कॅथलिक कुळांनाही दशमांश द्यावा लागे. त्याच्या आकारणीच्या १८२३ पासूनच्या वह्या शिल्लक आहेत. त्यानंतरचे मोठे दप्तर म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेली देशभरची आकारणी. कर बसवावयाचा तर कोणत्या घरातला कोणता रायन हे नक्की असावयास हवे. म्हणून एकाच टाउनलंडात दोन जॉन रायन आले की आकारणीदार नावापुढे कंसात बापाचे नाव किंवा 'तांबडा' अशासारखे गावातले टोपणनाव लिहून मोकळा होई. पुढे कुळ बदलले की आकारणी-कचेरीच्या वहीत जुने नाव रंगीत शाईने खोडून नवे वर लिहीत आणि बाजूस साल घालीत. एखाद्या शेतापुढे एका वर्षी नवऱ्याचे नाव खोडून विधवेचे, काही वर्षांनी तिचे खोडून मुलाचे आणि अखेर त्याचेही खोडून शेजाऱ्याचे नाव आलेले दिसते. तेव्हा त्या घरातला कर्ता कधी मेला आणि शेवटचा मुलगा कधी जहाजावर चढला असावा याचा सुमार, कोणीही मुद्दाम लिहून न ठेवता, त्या शाईच्या रंगांतून कळतो.

याहूनही चमत्कारिक आहे ते वार्धक्यवेतनाचे दप्तर. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना वेतन मिळू लागले. पण १८६४ पूर्वी जन्मलेल्यांनी वयाचा पुरावा आणावा कोठून? त्यासाठी अर्जदाराने आपल्या आईबापांची नावे आणि टाउनलंड सांगावे, आणि कारकुनांनी १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारीत ते घर शोधून पोराचे तेव्हाचे वय उतरवून द्यावे, अशी व्यवस्था झाली. मूळ तक्ते १९२२ साली जळाले, पण शोधाचे हे अर्ज आणि उतारे वाचले. म्हाताऱ्यांच्या आठवड्याच्या काही शिलिंगांच्या गरजेपायी जळालेल्या खानेसुमारीतील कित्येक घरे आज वाचता येतात. हेच वेतन मिळावे म्हणून की काय, १९०१ साली पंचावन्नचे असलेले अनेक गृहस्थ १९११ च्या तक्त्यात थेट सत्तरीला पोहोचलेले आहेत, हेही संशोधकाने ध्यानात ठेवावे.

एवढे सर्व असूनही टाउनलंडाचे नाव हाती नसेल तर या दप्तरांचे दार उघडत नाही, आणि ते नाव मिळावयाचे ते पैलतीरावरच. देशांतर केलेल्याचा माग नेहमी तो जेथे मेला तेथून उलट काढावा, हा या शास्त्राचा पहिला नियम.

पैलतीराकडे माणसांचा लोंढा लोटला तो दुष्काळाने. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि लाखो कुटुंबांचे एकमेव अन्न शेतातच कुजले. १८४१ च्या खानेसुमारीत ८१ लाख ७५ हजार भरलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाख ५२ हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत उतारूंच्या याद्या १८२० पासून ठेवीत आले होते खरे, परंतु त्या जकात-अधिकाऱ्यांकडे जावयाच्या. त्यांना हिशेब हवा होता तो डोक्यांचा; सबब नाव, वय, धंदा आणि देशाच्या रकान्यात 'आयर्लंड', तेही पुष्कळदा एकदाच लिहून खाली तोच शेरा, यावर काम भागे. एलिस बेटावरच्या कारकुनांनी लोकांची नावे बदलली ही अमेरिकेतील घरोघरची कथाही खोटी आहे. ते कारकून निघाल्या बंदरावर तयार झालेल्या यादीवरून केवळ तपासणी करीत. बदल होई तो पुढे: मस्टर भरणाऱ्या मुकादमाच्या कानाने, पाद्र्याच्या लेखणीने आणि बहुतेक वेळा खुद्द माणसाच्या सोयीने.

मग टाउनलंड लिहिले कोणी? ज्यांना खरोखरच ते विशिष्ट माणूस हवे होते त्यांनी. बोस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती छापून येत. त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात जाते. रेल्वेच्या वा कालव्याच्या कामावर गेलेला नवरा, गिरणीत राहिलेली बहीण, पत्र थांबलेला मुलगा; त्यांना हाक मारताना जाहिरात देणारे कौंटी, धर्मग्राम, टाउनलंड, कोणत्या साली कोणत्या बंदरात उतरला, शेवटी कोठे काम करीत होता, एवढे सर्व पैसे मोजून लिहीत, कारण त्यावाचून शेकडो पॅट्रिक मर्फींतून आपला पॅट्रिक ओळखू येणार कसा? आप्त सापडला की नाही हे त्या जाहिरातींवरून क्वचितच कळते. परंतु आज त्याच ओळी पणतवंडांना गावापर्यंत पोहोचवितात.

असेच दुसरे दप्तर न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेचे. आयरिश देशांतरितांच्या साहाय्यार्थ चालणाऱ्या मंडळींनी १८५० साली ती काढली. खातेदारांपैकी पुष्कळांना सही येत नसे, आणि एकाच नावाची खाती ढिगाने. पैसे भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून बँकेने ओळखीच्या पडताळणीची निराळी वही घातली. जन्म कोठला, कोणत्या जहाजाने कधी आलात, आईबाप कोण, हयात आहेत की वारले, आयर्लंडात आहेत की येथे, भावंडे कोण, नवऱ्याचे वा बायकोचे नाव काय, ही उत्तरे एकदा लिहून ठेवावयाची आणि पैसे काढावयास आला की त्यांतलेच काही विचारून माणूस पारखावयाचा. चोरापासून रक्षण करण्याकरिता विचारलेल्या या प्रश्नांतून हजारो गरीब घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. त्या आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. टायलर अनबाइंडर या इतिहासकाराने त्यांचा मोठा उपयोग केला. केरी कौंटीतील लॅन्सडाउन जमीनदारीच्या मुखत्याराने १८५१ पासून कंगाल कुळांना भाडे देऊन अमेरिकेस रवाना केले होते. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या कुप्रसिद्ध वस्तीत दाटीवाटीने राहणाऱ्या त्याच माणसांच्या खात्यांवर काही वर्षांत अपेक्षेबाहेरच्या रकमा जमल्याचे या वह्यांनी दाखवून दिले. परिस्थिती पाहून दैन्याचे चित्र रंगविणाऱ्या तत्कालीन लेखकांना बँकेची वही पाहण्याचे सुचले नव्हते.

याच्या अगदी उलट गत १८४७ साली कॅनडास गेलेल्यांची. रॉसकॉमन कौंटीतील स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस माहन या जमीनदाराने त्या वर्षी १,४९० कुळांना जमिनीवरून उठवून डब्लिनपर्यंत पायी चालविले आणि लिव्हरपूलमार्गे क्वेबेककडे जाणाऱ्या जहाजांवर चढविले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माहनचा खून झाला. जमीनदारीचे हिशेबी कागद टिकल्यामुळे कोण निघाले ते कळते. कोण पोहोचले ते सांगणे मात्र कठीण, कारण क्वेबेकला उतरणाऱ्यांच्या सलग याद्या १८६५ पूर्वीच्या नाहीत. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस-ईल या विलगीकरणाच्या बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. अनाथ झालेल्या पोरांना फ्रेंच भाषी कुटुंबांनी जवळ केले, आणि त्यांपैकी काहींनी आपले आयरिश कुळनाव टिकविले. म्हणून क्वेबेकमध्ये आज फ्रेंचखेरीज दुसरी भाषा न बोलणारे रायन भेटतात.

पळून जाण्याची ज्याची भीती, त्याचे वर्णन सर्वांत तपशीलवार, हा तर दप्तराचा अबाधित नियमच म्हणावा. १७९१ पासून आयर्लंडातून ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर पाठविलेल्या कैद्यांपैकी पुष्कळांची उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, गोंदण, व्रण आणि जन्मस्थान इतके बारकाईने लिहिले आहे की सज्जन शेतकऱ्याच्या वंशजांनी हेवा करावा. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या वर्कहाउसांतून, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहांतून, ऑस्ट्रेलियास पाठविलेल्या चार हजारांवर अनाथ मुलींच्या बाबतीतही उतरताना आईबापांची नावे, गाव, धर्म आणि लिहितावाचता येते काय, हे टिपून घेतले जाई. व्हिक्टोरिया वसाहतीचा १८५३ नंतरचा मृत्युदाखला तर एकाच कागदावर मृताचे आईबाप, जन्मस्थान, वसाहतीत काढलेली वर्षे, विवाह आणि मुलांची नावे देतो. म्हणून एक भाऊ शिकागोस आणि दुसरा मेलबर्नला गेला असेल, तर शिकागोच्या नातवाने मेलबर्नच्या चुलत आजोबांचा दाखला मागवावा. घराचा पत्ता तेथेच मिळण्याचा संभव अधिक.

या मार्गावरचा एक फाटा आपल्या मुलखातूनही जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा फार मोठा होता. कंपनीची जुनी मुंबई युरोपियन पलटण पुढे 'बॉम्बे फ्युझिलिअर्स' झाली, आणि १८८१ च्या पुनर्रचनेत मद्रासच्या भगिनी पलटणीसह ती चक्क 'रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स' या आयरिश नावाखाली गेली. भरतीच्या वेळी शिपायाचा धर्मग्राम, कौंटी, आधीचा धंदा, उंची आणि चेहरेपट्टी लिहून घेत; पलटण सोडून पळालाच तर धरता यावा हा त्यातला हेतू. शिवाय मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेले युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठविण्याचा शिरस्ता होता. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुणे, खडकी, अहमदनगर येथील छावण्यांत जन्मलेले पोर कोणत्या पलटणीतल्या कोणत्या हुद्द्याच्या शिपायाचे, हे त्यांत सापडते. आणि आयर्लंडातल्या आपल्या गावी ज्याचे नाव कोणत्याच कागदावर उरले नाही अशा माणसाचा एकमेव लेखी पुरावा कधी कधी दख्खनच्या छावणीतला निघतो.

आज यांतली बहुतेक साधने संगणकाच्या पडद्यावर येऊन बसली आहेत. २०२२ साली, आगीस शंभर वर्षे झाली तेव्हा, जळालेल्या दप्तरखान्याची अन्यत्र विखुरलेल्या नकलांवरून केलेली संगणकीय पुनर्रचना लोकांस खुली झाली. आजा किंवा आजी आयर्लंडात जन्मल्याचे सिद्ध केले तर परदेशस्थ नातवास आयरिश नागरिकत्व मागता येते, त्यामुळे वंशावळीला आता भावनेबरोबर व्यवहाराचेही मोल आले आहे. सोय वाढली तसा मोहही वाढला. नाव जुळले, साल जवळपास आले, की यंत्र स्वतःहून पूर्वज सुचविते आणि एका उतावळ्या माणसाने जोडलेली खोटी फांदी शेकडो घराण्यांच्या वृक्षांवर उतरते. प्राचीन राजांपर्यंत पोहोचणाऱ्या वंशावळी आणि कुळनावावर मिळणारी मानचिन्हे विकणारेही आहेतच. वस्तुस्थिती अशी की, सामान्य कॅथलिक कुळवाड्याचा माग १८०० च्या सुमारापलीकडे क्वचितच जातो. त्यापूर्वी त्याला दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्याची गरज कोणत्याही कचेरीला भासली नव्हती.

म्हणूनच या विद्येतला खरा अधिकारी तो, जो पुरावा संपताच रेघ थांबवितो आणि पुढची जागा कोरी सोडतो. त्या कोऱ्या जागेचा दोष पूर्वजांकडे जात नाही. ज्यांनी त्यांच्याकडून खंड, दशमांश आणि अखेर जमीनही घेतली, पण नाव विचारले नाही, त्यांच्या कारभाराची ती नोंद आहे, आणि खोट्या पूर्वजाने ती भरून काढणे म्हणजे त्या कारभाऱ्यांचा अपराध आपल्या हाताने पुसून टाकणे होय.